दात बघणाऱ्याच्या घरातली दाढ

जनावराच्या तोंडात नुसता अंगठा घालून त्याचं वय सांगावं तर मीच, पाथरीपासून पिंगळीपर्यंत कुणालाबी विचारा. माझ्याच ताटाशेजारी बसून जेवणाऱ्या माझ्या लेकीची एक दाढ उगवलीच न्हाई, हे मात्र मला दोन वर्सं कळलं न्हाई.

मी बैलांचा दलाल. आमच्याकडं हेडी म्हणतात. हेडी दिसला की लोक आधी खिशावर हात ठेवतात, मग रामराम घालतात. शाळेत मी एकच दिवस गेलो. त्या दिवशी नेमकी सुट्टी होती, तवा मला वाटलं शाळा रोज बंदच असते, म्हणून पुन्हा गेलो न्हाई. आता हे मी बोलायलोय अन् लेक लिहून घ्यायलीय. ती मधीमधी हसायलीय, त्यामुळं कुठं काही चुकलं तर ते तिच्या अंगावर.

तर दात. बैलाला वरच्या जबड्यात पुढून दातच नसतात, खाली आठ असतात. ते आठ बघितले की कागद बघितल्यासारखं हाय. दुधाचे असले तर आदत, दोन पक्के आले तर दोनदाती, मग चारदाती, सहादाती, अन् सगळे आले की जुळला. ह्याच्यामागं दाढा असतात, पण दाढा कोण बघतंय? आत हात गेला की बैल चावतो. म्हणून सगळी उमर मी पुढचे आठ दात बघण्यात घालवली. घरात बी तसंच झालं. लेक हसली की पुढचे दात दिसायचे, पांढरेशुभ्र, एका ओळीत. मी म्हणायचो, माल एक नंबर हाय.

ती तेरा वर्साची होती, आठवीत. भाकर दोन वर्सांपासून एकाच बाजूनं चावायची. घरची म्हणली, अवो, पोरीकडं बघा जरा, डावा गाल भरल्यासारखा दिसायलाय. मी म्हणलो, खाऊनपिऊन हाय, गाल भरणारच. पुन्हा महिन्यानं म्हणली. मी म्हणलो, दाढ यायलीय. पुन्हा म्हणली. मी म्हणलो, गालफुगी हाय, लेप लाव. लेप लावला, वाळला, पडला. गाल हाय तिथंच.

एका रविवारी घरची लेकीची वेणी घालायली होती. मी शेजारी बसून फोनवर एका गिऱ्हाइकाला बैलाचे गुण सांगायलो होतो. तिनं माझा हात धरला, ओढला अन् अंगठा पोरीच्या जबड्यावर नेऊन ठेवला. म्हणली, बैलाला लावता ना, इथं लावून बघा. मी दाबलं. टणक लागलं, हाडासारखं. पोरगी कळवळली बी न्हाई. जरा जोर लावला तर अंगठ्याखाली अंड्याचं टरफल दबावं तसं कुरकुर वाजलं. फोनवरचं गिऱ्हाईक म्हणायलं, हॅलो, हॅलो, बैल मारका हाय का? मी फोन ठेवला. मारका हाय का न्हाई हे त्याला आजपतूर कळलेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी बैल नेतो त्याच पिकअपमधी बसून आमी तिघं परभणीला गेलो. जबड्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर हाय म्हणून कळालं होतं. वाटलं होतं कुणी म्हातारं, चष्मेवालं असंल. बघतो तर पोरगंच, पेडगावकडल्या शेतकऱ्याच्या घरचं. मला काका म्हणला. पोरीला खुर्चीवर बसवलं, गालावर हात फिरवला, तोंड उघडायला लावलं अन् दिवा मारला. मी मागून वाकून बघायलो होतो, कसं बघतो म्हणून. मनात म्हणलं, हा पुढचे दात बघतच न्हाई, सरळ मागं गेला. कच्चा दिसतोय.

मग त्यानं विचारलं, हे कधीपासून आहे?

आता इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगावी लागंल. जनावराची खोड जुनी हाय म्हणून हेडी कधीच सांगत न्हाई. लंगडत असंल तर म्हणायचं, काल काटा मोडला. खोकत असंल तर म्हणायचं, आज सकाळी थंड पाणी पिला. नवी खोड हलकी, जुनी खोड जड. वीस-पंचवीस वर्सं हे बोलून बोलून जिभेला वळण पडलं होतं. डॉक्टरनं विचारलं अन् माझी जीभ माझ्या आधी बोलली.

"पंधरा दिवस झाले असतील, साहेब."

मला वाटलं, नवं दुखणं हाय म्हणलं की डॉक्टर बी हलक्यात सोडंल. दोन गोळ्या देईल, अन् उशीर केला म्हणून रागावणार बी न्हाई. घरचीनं माझ्याकडं बघितलं. ती काही बोलली न्हाई, कारण मी सौदा करायलो असलो की मधी बोलायचं न्हाई ही माझीच शिकवण. बावीस वर्सांत तिनं माझं एवढं एकच ऐकलं, अन् तेबी नको तिथं.

डॉक्टरचं तोंड मात्र उतरलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की पंधरा दिवस? मी म्हणलो, एखादा दिवस इकडं तिकडं.

त्यानं मोठा फोटू काढायला लावला. हनुवटी टेकवून उभं राहायचं अन् मशीन डोक्याभोवती गिरकी घेतं. पोरगी म्हणली, बाबा, मला रसवंतीच्या चरकात घातल्यासारखं वाटायलंय. फोटू आला तर डाव्या जबड्यात एक काळं गोल भोक, लिंबाएवढं, अन् त्या भोकाच्या तळाला एक दाढ आडवी निजलेली. डॉक्टरनं बोट ठेवलं अन् म्हणला, ही दाढ बाहेर यायला पाहिजे होती, आलीच नाही. मी दाढेकडं बघितलं, दाढेनं माझ्याकडं. हेडीच्या घरात राहून ती लपून बसली होती, म्हणजे माझीच लेक.

मग तुकडा काढून तपासायला पाठवला. जागा बधिर केली, बारीकसा तुकडा घेतला. आठ-दहा दिवसांनी या म्हणला. जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. ही गाठ पंधरा दिवसांत एवढी वाढली असंल तर वाईट बी असू शकतं, मनाची तयारी ठेवा, म्हणला. वाईट म्हणजे काय ते मी विचारलं न्हाई. त्यानंबी शब्द उच्चारला न्हाई. दोघांनाबी ठाऊक होता.

ते दहा दिवस मी बाजारात गेलो, पण कशातच ध्यान न्हवतं. एक चारदाती बैल मी दोनदाती म्हणून सांगितला तर गिऱ्हाईक म्हणलं, ह्यो हेडी नेहमीसारखं खोटं बोलायलाय. खरं म्हणजे त्या दिवशी मी पहिल्यांदा इमानदारीनं चुकलो होतो. घरी आलो की पोरीच्या गालाकडं बघायचो अन् तिनं बघितलं की म्हशीकडं बघायचो. एकदा तिनंच विचारलं, बाबा, माझा जबडा काढणार का? मी म्हणलो, काढला तर काढला, तू बोलायची थांबशील, घरात शांतता होईल. ती हसली. मी गोठ्यात गेलो अन् तिथं बराच येळ उगंच पेंढ्या मोजत बसलो. चौऱ्याहत्तर होत्या.

अन् ह्या दहा दिवसांत एकदाबी माझ्या मनात आलं न्हाई की डॉक्टरला जाऊन खरं सांगावं. म्हणजे आलं, पण हेडीनं एकदा सांगितलेली खोड बदलली की सौदा मोडतो, हे डोक्यात बसलेलं. घरची दोनदा म्हणली, अवो, दोन वर्सं झालीत, सांगा त्यांना. मी म्हणलो, त्यांच्या मशीनला सगळं कळतं.

रिपोर्ट आला तवा आमी तिघं पुन्हा त्या खुर्च्यांवर. डॉक्टर म्हणला, रिपोर्ट चांगला आहे. कॅन्सर नाही. साधी गाठ आहे, दात ज्या पेशींपासून बनतात त्यांच्यातून उठलेली. अंगात कुठं पसरत नाही, पण हाड आतून पोखरत जाते, अन् अर्धवट काढली तर परत येते. घरचीनं पदर डोळ्याला लावला. मी म्हणलो, मग झालं तर, उठा.

तो म्हणला, बसा काका. अडचण पुढंच आहे.

मग त्यानं कागदावर जबडा काढून समजावून सांगितलं. एवढ्या कवळ्या वयात ही गाठ असली की शक्यतो जबडा कापत न्हाईत. गाठीला एक खिडकी पाडतात, त्यात नळी बसवतात. रोज मिठाच्या पाण्यानं धुवायची. आतला दाब गेला की गाठ आकसते अन् हाड आपोआप भरून येतं. मग राहिलेली खरवडून काढायची. चेहरा तसाच राहतो, दात राहतात. पण ही गाठ मुंगीच्या पावलानं वाढणारी. एवढी व्हायला वर्सं लागतात. अन् तुम्ही म्हणताय पंधरा दिवस. एक्स-रेतल्या कडाबी सावकाश वाढीच्या दिसतात, रिपोर्टबी तेच सांगतो, फक्त तुम्ही वेगळं सांगता. खरंच पंधरा दिवसांत एवढी झाली असेल तर आम्ही घेतलेल्या तुकड्यात वाईट भाग आलाच नसेल. मग मला नळीवर भरवसा ठेवता येणार नाही. डाव्या बाजूचं हाड चार दाढांसकट कापून पट्टी बसवायला मोठ्या दवाखान्यात पाठवावं लागेल.

चार दाढा म्हणल्यावर माझ्यातला हेडी उठला. मी खांद्यावरचा रुमाल काढला, टेबलावर डॉक्टरच्या हातावर टाकला अन् खालून त्याची दोन बोटं धरली. आमच्या बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली बोटं दाबायची, कितीचा सौदा ते दोघांनाच कळतं, बाकीच्यांनी नुसती तोंडं बघायची. मी म्हणायलो होतो, दोन घ्या, दोन ठेवा. त्यानं काही उत्तर दिलं न्हाई म्हणून मी एक बोट सोडलं. एकच घ्या.

डॉक्टरला वाटलं मला चक्कर यायलीय. काका, पाणी पिता का, म्हणला. घरचीनं रुमाल ओढून घेतला अन् सांगितलं, पाणी नको त्यांना, ते दाढांचा भाव करायलेत.

डॉक्टर हसला न्हाई. शेतकऱ्याच्या घरचा होता, एका क्षणात समजला. हात काढून घेतला अन् म्हणला, "काका, इथं रुमालाखाली काही ठरत नाही. जे आहे ते उघड्यावर सांगा. ही गाठ कधीपासून आहे?"

मी टेबलावरचा जबड्याचा कागद सरळ करायला लागलो.  तेवढ्यात लेक खुर्चीवरून उठली अन् माझ्या खिशातला फोन काढून डॉक्टरसमोर ठेवला.

माझ्या फोनात बैलांशिवाय काही नसतं. आजकाल गिऱ्हाईक बाजारात यायच्या आधी फोटू मागतं. मग मी बैल अंगणात उभा करतो अन् फोटू काढून धाडतो. बैलाचा कासरा धरायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे लेक. शाळेतून आली की दप्तर टाकायची, कासरा धरायची. तीन वर्सांचे सगळे फोटू फोनात होते अन् बहुतेक सगळ्यांत ती बैलाच्या तोंडाशी उभी. कुठं अर्धी कापलेली, कुठं निम्मं कपाळ गायब, कारण मला बैलाचं वशिंड फोटूत पाहिजे असायचं.

डॉक्टर एकेक फोटू मोठा करून बघायला लागला. हा कधीचा, म्हणून विचारायचा. मला तारखा येत न्हाईत, पण बैल येतात. मी सांगायलो, ह्यो लाल कंधारी, जुळलेला, दिवाळीच्या मागं विकला. ह्यो देवणी, पोळ्याच्या आधीचा, उजवं शिंग जरा बाहेर. ही जोडी गेल्या साली उन्हाळ्यात पाथरीला गेली, धाकट्याच्या मानंवर केसांचा भवरा होता. मी सांगायचो अन् तो त्या त्या फोटूत पोरीचा गाल बघायचा. जुन्या फोटूत दोन्ही गाल सारखे. मग डावा जरासा. मग आणखी जरासा. शेवटच्या फोटूत न दाबताबी दिसायलेला.

मी सांगत सांगत थांबलो. एकेका बैलाचं शिंग, भवरा, पाठीवरचा डाग, सगळं मला पाठ. अन् त्याच फोटूत बैलाच्या जवळ माझ्या लेकीचा जबडा महिन्यामहिन्यानं वाढायलेला, तो मी हातात धरून, मोठा करून, गिऱ्हाइकांना धाडून सुदिक बघितला नव्हता. निम्म्या मराठवाड्यानं बघितला असंल. मीच न्हाई.

"दोन वर्सं झाली, साहेब," मी म्हणलो. "जास्तच. मी खोटं बोललो."

का बोललो ते बी सांगितलं, काटा मोडल्याची रीत सगळी सांगितली. तो रागवंल म्हणून मी मान खाली घालून बसलो. तो एवढंच म्हणला, काका, पंधरा दिवस म्हणून तुम्ही पोरीचा जबडा विकायला काढला होता. मग त्यानं सगळे फोटू आपल्या फोनात घेतले अन् त्याच्या गुरुजींना, एका मोठ्या डॉक्टरला, पाठवून सल्ला घेतला. जबड्याचा आणखी एक बारकाईचा फोटू काढायला लावला. दोन दिवसांनी निरोप आला की सगळं जुळलं, नळीचं करू. जुळलं हा शब्द बैलाच्या दातांशिवाय कशाला वापरतात हे मला त्या दिवशी कळालं.

खिडकी पाडली, नळी बसवली. आता रोज धुवायचं. मी म्हणलो, हे माझं काम, पाचशे बैलांना बांबूच्या नळीनं औषध पाजलंय मी. पहिल्या दिवशी पिचकारीत मिठाचं पाणी भरलं, सवयीनं डाव्या हाताची दोन बोटं पोरीच्या नाकपुड्यांत घातली अन् तोंड वर उचललं. बैलाला असंच धरतात, न्हाईतर तो मान हलवतो. तिनं मान हलवली न्हाई. तोंडात गेलेलं सगळं पाणी माझ्या तोंडावर थुंकलं. दुसऱ्या दिवसापासून ती आरशासमोर उभी राहून आपलं आपण धुवायला लागली अन् मला पाणी कोमट करण्याचं काम मिळालं. तेबी दोनदा जास्त गरम झालं म्हणून काढून घेतलं.

दहा महिने नळी होती. शाळेत पोरी विचारायच्या, तोंडात काय हाय? ती म्हणायची, नळ बसवलाय, आमच्याकडं पाणी येत न्हाई ना. दर दोन महिन्यांनी फोटू. काळं भोक लिंबाचं बोराएवढं झालं. मग पुन्हा ऑपरेशन करून राहिलेली गाठ खरवडली अन् ती आडवी दाढ काढली. चारच्या जागी एकच गेली, म्हणजे मी रुमालाखाली दुसऱ्यांदा म्हणलो होतो त्याच भावात सौदा झाला. हे मी डॉक्टरला बोलून दाखवलं तर त्यानं आपले हात पाठीमागं नेले.

दाढ बाटलीत घालून त्यानं आमाला दाखवली. मी ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली. आयुष्यात एवढ्या निवांत मी कुठलीच दाढ बघितली नव्हती. घरची म्हणली, किती वर्साची हाय सांगा की आता. मी म्हणलो, चौदाची. तुझ्या लेकीएवढी.

पहिल्यांदा परभणीला गेलो त्याला आता तीन वर्सं झाली. लेक अकरावीला हाय. गाठ परत येऊ शकते म्हणून दर साली दाखवायला जावं लागतं, अन् फोटू हातात येईपर्यंत मी बाहेर पिकअपची चाकं दाबून बघत बसतो. बाजारात मी आता बैलाच्या पार मागच्या दाढांपर्यंत बोट घालतो. दोनदा चावा बसला. गिऱ्हाईक म्हणतात, हेडी येडा झाला, हा दाढा बघून बैल घेतो. अन् खोड कधीची हाय म्हणून विचारलं तर खरं सांगतो. धंदा पहिल्यापेक्षा कमी झालाय, पण रामराम घालताना लोक खिशावर हात ठेवायचे थांबलेत. काही काही जण अजून ठेवतात.

गेल्या महिन्यात दाखवायला गेलो होतो. डॉक्टरनं पहिला फोटू अन् आत्ताचा फोटू शेजारी शेजारी लावले. जिथं काळं भोक होतं तिथं हाड भरलेलं, उजव्या बाजूसारखंच. दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते. त्यांना तो सांगायला लागला की गाठ सावकाश वाढणारी आहे हे घरच्या फोटूंवरून पक्कं झालं, म्हणून ह्या पोरीचा जबडा वाचला. शिकाऊ डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी रुमाल झटकून खांद्यावर नीट टाकला, छाती जरा पुढं काढली अन् म्हणलो, व्हय, ते फोटू मीच काढलेले. तीन वर्सं, न चुकता, दर महिन्याला. बापाची नजर असते पोरांवर.

लेक दाराशी चप्पल घालायली होती. तिनं वर बघितलं बी न्हाई.

"तुमी बैलाचे फोटू काढायले होता, बाबा. मी मधी आले होते."